पुढची पायरी कोणती?

कोणतीही कला शिकू लागणाऱ्या माणसापुढे दोन प्रश्न येतात. हाती घेतलेली गोष्ट कशी साधावी, हा पहिला प्रश्न. आणि ती साधल्यावर पुढे कोणती गोष्ट हाती घ्यावी, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी शिकाऊ माणूस घाम गाळतो, जाणत्यांना विचारतो, पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. दुसऱ्या प्रश्नाचा विचार मात्र तो क्वचितच करतो. जे डोळ्यांत भरले, ज्याला टाळ्या पडल्या, तेच तो उचलतो. आणि ते जमले नाही म्हणजे आपल्या अंगी गुणच नाही असे समजून सारे सोडून देतो. वास्तविक पाहता अशा वेळी पुष्कळदा उणीव गुणांची नसते, निवड चुकलेली असते.

ही निवड विचारपूर्वक कशी करावी, हे समजून घेण्यास जपानी मुलांच्या हातांत दिसणारे एक साधे लाकडी खेळणे फार उपयोगी पडते. त्याचे नाव केन्दामा.

केन्दामा म्हणजे एक दांडी, एक गोळा आणि त्या दोहोंना जोडणारी दोरी. 'केन' म्हणजे तलवार आणि 'तामा' म्हणजे गोळा. दोन्ही शब्द एकत्र आले म्हणजे 'तामा'चा उच्चार 'दामा' असा होतो. दांडीचे एक टोक निमुळते असते. टोकाच्या खाली दांडीवर एक आडवा तुकडा बसवलेला असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना बशीसारख्या खोलगट जागा कोरलेल्या असतात. त्यांपैकी रुंद असते ती मोठी बशी, आणि अरुंद असते ती लहान बशी. दांडीच्या बुडाशी तिसरी बशी असते. तिला जपानी लोक 'मधली बशी' म्हणतात. गोळ्याचा व्यास सुमारे सहा सेंटिमीटर असतो. त्याच्या एका बाजूस रुंद छिद्र असते व नेमक्या विरुद्ध बाजूने दोरी ओवलेली असते. त्यामुळे गोळा लोंबकळू लागला, की छिद्र आपोआप जमिनीकडे वळते. हा गोळा तीन बशांपैकी एखाद्या बशीत झेलावा किंवा छिद्रातून टोकावर बसवावा, एवढाच मूळ खेळ. परंतु बशा, टोक आणि गोळा यांच्या निरनिराळ्या जोडण्यांतून या खेळात असंख्य डाव निर्माण झाले आहेत.

या खेळण्याचा इतिहास मनोरंजक आहे. गोळा उडवून दांडीवर झेलण्याचा 'बिल्बोके' नावाचा खेळ सोळाव्या शतकात फ्रान्समध्ये लोकप्रिय होता. तेथील राजा तिसरा हेन्री यालाही त्याचा नाद होता. अठराव्या शतकात अशाच प्रकारचा खेळ परदेशी व्यापाराबरोबर नागासाकी बंदरातून जपानमध्ये पोहोचला, असे मानले जाते. पुढे हिरोशिमा प्रांतातील कुरे येथील एगुसा हामाजी यांनी दांडीवर आडव्या बशा बसवून त्याला आजचे रूप दिले आणि १९१९ साली त्या रचनेची सरकारदरबारी नोंद झाली. त्यांनी त्यास 'सूर्यचंद्र चेंडू' अशा अर्थाचे नाव दिले होते. लाल गोळा हा जणू सूर्य, आणि बशीची कड ही जणू चंद्रकोर! त्याच प्रांतातील हात्सुकाइची हे गाव लाकूडकामासाठी प्रसिद्ध होते. तेथील कारागीर ही खेळणी घडवू लागले आणि तेथून ती देशभर पसरली.

पुष्कळ वर्षे हा खेळ ज्याच्या त्याच्या रीतीने खेळला जात असे. गोळ्याचे माप एक नव्हते, डावांची नावे एक नव्हती, आणि कोण किती तरबेज हे ठरवण्याचे मापही नव्हते. १९७५ साली बालसाहित्यकार फुजिवारा इस्सेई यांनी जपान केन्दामा संघाची स्थापना केली. संघाने खेळण्याचे माप निश्चित केले, डावांचे नियम लिहून काढले आणि शिकणाऱ्यांसाठी श्रेणी ठरवल्या. पुढे या खेळाची आवड जपानबाहेरही वाढली आणि २०१४ पासून हात्सुकाइची येथे जागतिक केन्दामा स्पर्धा भरू लागली.

संघाच्या श्रेणी दहाव्या क्रमांकापासून सुरू होतात आणि पहिल्यापर्यंत चढत जातात. जसजसा आकडा लहान होतो, तसतशी पायरी उंच होते. पहिल्या श्रेणीच्याही वर 'दान' नावाच्या आणखी पायऱ्या आहेत. त्या तरबेज खेळाडूंसाठी. नवशिक्याच्या शिडीवरील दहा डाव असे आहेत : दहाव्या श्रेणीसाठी मोठी बशी, नवव्या श्रेणीसाठी लहान बशी, आठव्यासाठी मधली बशी, सातव्यासाठी 'मेणबत्ती', सहाव्यासाठी 'तोमेकेन', पाचव्यासाठी 'विमान', चौथ्यासाठी 'फुरीकेन', तिसऱ्यासाठी 'जपानची प्रदक्षिणा', दुसऱ्यासाठी 'जगाची प्रदक्षिणा' आणि पहिल्यासाठी 'दीपस्तंभ'. डाव दहा वेळा करून पाहायचा आणि त्यांपैकी किती वेळा साधला ते मोजायचे, अशी परीक्षेची पद्धत आहे.

ही यादी वाचून असा समज होण्याचा संभव आहे, की कोणी तरी सोपे डाव खाली आणि कठीण डाव वर लिहून ठेवले, आणि काम संपले. परंतु यादी बारकाईने पाहिली म्हणजे तिच्यामागील विचार ध्यानात येतो. प्रत्येक डाव आधीच्या डावांतून काही घेतो आणि त्यात थोडेसे नवे घालतो.

आरंभ मोठ्या बशीपासून होतो. लेखणी धरावी तशी दांडी अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरतात. मधले बोट व अनामिका लहान बशीवर टेकवतात, आणि मोठी बशी वरच्या दिशेला ठेवतात. गोळा खाली स्थिर लोंबत असतो. तो सरळ वर खेचायचा आणि बशीत अलगद उतरवून घ्यायचा. नवशिका येथे बहुधा एक चूक करतो. तो हाताला हिसका देतो, गोळा उंच उडतो, आणि खाली येऊन बशीवर टणकन आपटून निसटतो. असे का होते, याचे उत्तर गुरुत्वाकर्षणात आहे. वर जाणारा गोळा हळूहळू मंद होतो, क्षणभर थांबतो आणि मग वाढत्या वेगाने खाली पडू लागतो. तो त्याच्या सर्वोच्च बिंदूपासून वीस सेंटिमीटर खाली आला, तर त्यास सेकंदाचा केवळ पाचवा भाग लागतो. पण तेवढ्यात त्याचा वेग सेकंदास सुमारे दोन मीटर झालेला असतो. इतक्या वेगाने येणारा लाकडी गोळा लाकडी बशीत कसा ठरावा? म्हणून तो बशीच्या किंचित वर येईल इतकाच उचलावा आणि थांबण्याच्या क्षणाच्या आसपास त्याच्याखाली बशी न्यावी. तो खाली येऊ लागला, तर बशीही त्याच्याबरोबर थोडी खाली घ्यावी. दोघे एकाच दिशेने जात असले म्हणजे धक्का बसत नाही.

हे काम एकट्या हाताचे नसते. खेळाडू आधी गुडघे वाकवतो, मग उभा राहता राहता गोळा वर खेचतो आणि झेलताना पुन्हा गुडघे वाकवतो. असे केले असता हात फारसा हलत नाही, गोळा सरळ रेषेत वर येतो आणि झेल मऊ होतो. पाहणाऱ्याचे लक्ष हाताकडे असते. पण पहिला धडा खरोखर गुडघ्यांचा असतो.

हा धडा एकदा अंगी मुरला, की लहान बशीसाठी वेगळे काही शिकावे लागत नाही. जागा अरुंद झाली, म्हणजे नेम अधिक अचूक हवा, एवढाच फरक. मधल्या बशीसाठी मनगट वळवून दांडीचे बूड वर आणावे लागते. म्हणजे पकड जवळपास तीच, दिशा तेवढी नवी. 'मेणबत्ती'मध्ये गोळा याच मधल्या बशीत झेलायचा असतो. परंतु दांडी निमुळत्या टोकाशी, अंगठा व दोन बोटांच्या चिमटीत धरावी लागते. बशी ओळखीची, पकड नवी. हातात उभी दांडी आणि तिच्या माथ्यावर गोळा, असे ते दृश्य पेटलेल्या मेणबत्तीसारखे दिसते.

यानंतर येतो 'तोमेकेन'. आता गोळा बशीत झेलायचा नसून त्याच्या छिद्रात दांडीचे टोक शिरवायचे असते. टोक वर करून दांडी धरायची, गोळा सरळ वर खेचायचा आणि छिद्र टोकाच्या बरोबर वर आले, की त्यावर तो उतरू द्यायचा. येथे गोळा थोडाही कलंडला, तर छिद्र दुसरीकडे वळते आणि टोक लाकडावर आपटते. यासाठी जाणते खेळाडू खेचण्यापूर्वी दोरीला पीळ देऊन गोळ्यास हलकीशी गिरकी देतात. फिरणारा भोवरा जसा आपल्या आरीवर ताठ उभा राहतो, तसा फिरणारा गोळाही कलंडण्यास विरोध करतो आणि त्याचे छिद्र खालीच राहते. या डावात गोळा सरळ उचलणे हे जुनेच ज्ञान आहे. टोकावर नेम धरणे हे नवे आहे. ज्याने मोठ्या बशीत गोळा सरळ उचलण्याचा सराव केला नाही, त्याला तोमेकेन अवघड वाटतो. आणि बिचारा समजतो, की आपला नेम वाईट आहे!

यातून निवडीचा पहिला नियम हाती येतो. पुढचा डाव असा असावा, की त्यातील बहुतेक भाग आधीच येत असेल आणि नवी गोष्ट एकच असेल. एकाच वेळी दोन-तीन गोष्टी नव्या असल्या, तर डाव फसल्यावर चूक कोठे झाली हेच कळत नाही. आणि चूक कळली नाही, तर ती सुधारणार कशी?

आता सहावी श्रेणी गाठलेल्या एखाद्या मुलाचे उदाहरण घ्यावे. त्याला तोमेकेन येऊ लागला आहे. त्याच्यापुढे तीन डाव आहेत : विमान, फुरीकेन आणि दीपस्तंभ. शाळेतील एका मोठ्या मुलाने दीपस्तंभ करून दाखवला आहे, आणि सगळा वर्ग तो पाहण्यासाठी भोवती जमला होता. साहजिकच याचे मनही दीपस्तंभाकडेच ओढ घेते. त्याने काय करावे?

प्रथम 'विमान' म्हणजे काय ते पाहावे. येथे भूमिका उलट होतात. गोळा हातात धरायचा, छिद्र वर ठेवायचे, आणि दांडी दोरीने लोंबू द्यायची. मग दांडीला पुढे झोका द्यायचा आणि ती वर येऊ लागताच दोरी स्वतःकडे ओढायची. दांडी हवेत कोलांटी घेते, टोक खाली वळते आणि तेच छिद्रात उतरवून घ्यायचे. आडव्या तुकड्यामुळे पंख पसरल्यासारखी दिसणारी दांडी हवेतून जाताना खरोखर विमानासारखी भासते. 'फुरीकेन'मध्येही असाच झोका असतो. मात्र हातात दांडी असते आणि झोका गोळ्याला द्यावा लागतो. गोळा पुढे जाऊन वर येऊ लागला, की दोरी ओढून त्याला खेळाडूच्या दिशेने एक फेरी फिरवतात आणि छिद्र समोर येताच टोकावर घेतात.

वरवर पाहता त्या मुलाला फुरीकेन अधिक जवळचा वाटेल, कारण तोमेकेनमधील पकड आणि टोकावरचा नेम दोन्ही त्यात आहेत. परंतु त्यात गोळा फिरत असतो, आणि त्याचे छिद्र डोळ्यांना क्षणभरच दिसते. त्या क्षणी झोका, ओढ आणि नेम या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. विमानात छिद्र खेळाडूच्या हातातच असते. ते स्थिर आणि डोळ्यांसमोर असते. लक्ष द्यावे लागते ते फक्त दोरी केव्हा ओढावी याकडे. म्हणून विमान आधी शिकले, की झोक्याची वेळ कळते. आणि मग फुरीकेनमध्ये तीच वेळ साधून नव्या गोष्टीकडे, म्हणजे फिरत्या छिद्राकडे, लक्ष देता येते. श्रेणींच्या यादीत विमान आधी व फुरीकेन नंतर का, याचे एक समाधानकारक उत्तर येथे मिळते.

आणि दीपस्तंभ? त्यात गोळा हातात धरून दांडी सरळ वर खेचायची आणि तिचे बूड गोळ्याच्या पाठीवर टेकवून ती उभी ठेवायची. तीही किमान तीन सेकंद. गोल वस्तूवर उंच वस्तू उभी करण्याचे हे काम आहे. तळहातावर काठी उभी ठेवताना ती जिकडे झुकते तिकडे हात सरकवावा लागतो, तसेच येथे गोळा धरलेल्या हाताने दांडीच्या झुकण्यामागे अगदी थोडे सरकावे लागते. जास्त सरकले, तर ती दुसऱ्या बाजूस पडते. म्हणजे गोळा धरण्याची पकड, दांडी न फिरवता उचलणे, मऊ झेल आणि तोल, अशा अनेक गोष्टी यात एकत्र येतात. त्यांपैकी पकड विमानात शिकायला मिळते. सरळ उचलणे आणि मऊ झेल बशांवर शिकायला मिळतात. त्या पक्क्या झाल्यानंतर तोल एवढी एकच गोष्ट नवी उरते. जो मुलगा आजच दीपस्तंभास हात घालील, त्याच्यासाठी मात्र चारही गोष्टी एकदम दारात उभ्या राहतील. डाव तोच, पण एकाला तो एका पायरीइतका उंच आणि दुसऱ्याला भिंतीइतका!

येथे असाही प्रश्न निघेल, की आधीचा डाव 'आला' असे केव्हा म्हणावे? एकदा गोळा टोकावर बसला, की नवशिक्याला आनंद होतो आणि तो लगेच पुढे पळतो. परंतु एकदा बसणे हा योगायोगही असू शकतो. परीक्षेतील दहा प्रयत्नांची पद्धत सरावातही फार उपयोगी आहे. डाव दहा वेळा करावा आणि आकडा वहीत लिहावा. दहापैकी आठ किंवा अधिक वेळा साधला, तर तो हातात बसला आहे. पुढे जाण्यास हरकत नाही. तीन ते सात वेळा साधला, तर शिकण्याचे काम चालू आहे. अशा वेळी डाव बदलू नये. एकदा-दोनदाच साधला, किंवा मुळीच साधला नाही, तर त्यात एकापेक्षा अधिक नव्या गोष्टी दडल्या आहेत असे समजावे आणि डाव तुकड्यांत वाटून घ्यावा.

हे तुकडे कसे पाडावेत, ते 'जपानच्या प्रदक्षिणे'त चांगले दिसते. त्यात गोळा प्रथम लहान बशीत, तेथून मोठ्या बशीत आणि तेथून टोकावर न्यायचा असतो. 'जगाच्या प्रदक्षिणे'त मोठी बशी आणि टोक यांच्या मध्ये मधली बशीही येते. ही नावे ऐकून डाव फार मोठे वाटतात, पण त्यांतील प्रत्येक मुक्काम खालच्या पायऱ्यांवर येऊन गेलेला असतो. मग ते कठीण का? याचे उत्तर साध्या गणितात आहे. समजा, एखाद्या मुलीचा प्रत्येक झेल दोनांतून एकदा साधतो. तीन झेल लागोपाठ साधण्याची शक्यता अर्ध्याचे अर्धे आणि त्याचेही अर्धे, म्हणजे आठांतून एक एवढीच उरते. चार झेलांच्या जगप्रदक्षिणेत ती सोळांतून एक होते. आता तिने प्रत्येक झेल दहातून आठ वेळा साधेल इतका पक्का केला असे समजा. तीन झेल लागोपाठ साधण्याची शक्यता एक हजारात पाचशे बारा, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक होते. मूळ डावाला हात न लावता केवळ पाया पक्का केल्याने आठांतून एकाचे दोनांतून एक झाले! वरच्या पायरीवर अडखळणाऱ्याने पुष्कळदा खालच्या पायरीवर काम करावे लागते, ते यासाठी. असे खाली येणे म्हणजे मागे जाणे नव्हे.

शिवाय सांधेही तपासावे लागतात. लहान बशीतून मोठ्या बशीत जाणे हा एक सांधा. मोठ्या बशीतून टोकावर जाणे हा दुसरा. दोन्ही वेगवेगळे दहा-दहा वेळा केले, की दुर्बल कोणता ते वहीच सांगते. पुष्कळांचा दुसरा सांधा कच्चा असतो. गोळा बशीत बसला, की त्यांना हायसे वाटते, आणि छिद्र कोणत्या बाजूस वळले आहे हे पाहायचे राहून जाते. शेवटी टोकाला हवे असते ते छिद्रच. म्हणून चालू मुक्कामावर असतानाच पुढच्या मुक्कामाची तयारी करावी लागते.

या शिडीच्या बाजूने आणखी एक डाव चालत असतो. त्याचे नाव 'मोशिकामे'. त्यात गोळा मोठ्या बशीतून मधल्या बशीत आणि मधल्या बशीतून परत मोठ्या बशीत असा न थांबता उडवत राहायचे असते. ससा आणि कासव यांच्या शर्यतीवर जपानमध्ये एक बालगीत आहे. त्याच्या तालावर हा डाव खेळतात, आणि त्या गीताच्या आरंभीच्या शब्दांवरूनच त्याला हे नाव मिळाले आहे. वरच्या श्रेणींसाठी मोशिकामेचे झेल न चुकता अधिकाधिक वेळा करावे लागतात. यात नवे चमत्कार काही नाहीत. आहे तो ताल, गुडघ्यांची सवय आणि धीर. पण या डावाने सगळ्याच डावांना बळ मिळते. एखाद्या दिवशी पुढे काय शिकावे हे सुचत नसेल, तर मोशिकामे करावा. कासवाच्या गोष्टीवरून नाव घेतलेल्या डावाचा तो गुणच आहे.

एवढे सांगितल्यावर यादीपासून तसूभरही ढळू नये असा अर्थ मात्र काढू नये. श्रेणी हे मार्गदर्शन आहे, बेडी नव्हे. एखाद्याचा हात तोल सांभाळण्यात उपजतच चांगला असतो, त्याला दीपस्तंभ जगप्रदक्षिणेच्या आधी साधू शकतो. दांडी धरून खेळायचे डाव आणि गोळा धरून खेळायचे डाव अशा या खेळाच्या दोन शाखा आहेत. एका शाखेवर हात अडला, तर काही दिवस दुसरीवर काम करण्यास हरकत नाही. आवडीलाही तिचा वाटा द्यावाच लागतो. जो डाव पाहून खेळाची गोडी लागली, तो कायमचा दूर ठेवला तर गोडीच आटते. यासाठी रोजच्या सरावाचा मोठा भाग पुढच्या पायरीला द्यावा, थोडा भाग जुन्या डावांच्या उजळणीला द्यावा आणि शेवटची काही मिनिटे त्या मोहक डावासाठी खुशाल राखावीत. त्या मिनिटांत दांडी शंभर वेळा पडली, तरी खेद करू नये. ती मिनिटे हिशेबात धरायचीच नसतात.

खालच्या पायऱ्यांना कमी लेखणाऱ्यांनी मात्र एक प्रसंग ध्यानात ठेवावा. जपानमध्ये वर्षाच्या अखेरच्या रात्री आकाशवाणी व दूरचित्रवाणीवर गाण्यांचा एक मोठा कार्यक्रम होतो, आणि घरोघरी तो आवडीने पाहिला जातो. २०१७ साली त्या कार्यक्रमात मियामा हिरोशी हे गायक गात असताना, रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांनी एकामागून एक केन्दामा खेळून जागतिक विक्रम करण्याचा प्रयत्न केला. निवडलेला डाव कोणता होता? दीपस्तंभ नव्हे, जगप्रदक्षिणाही नव्हे. तो होता मोठ्या बशीचा, म्हणजे दहाव्या श्रेणीचा, शिडीच्या अगदी पहिल्या पायरीचा डाव. तरीही रांगेतील एकाचा झेल चुकला आणि प्रयत्न फसला. पुढच्या वर्षी, २०१८ साली, १२४ माणसांनी लागोपाठ एकही झेल न सोडता तो विक्रम पुरा केला. सारा देश पाहत असताना, आपली पाळी येईपर्यंत थांबून, एकदाच मिळणाऱ्या संधीत मोठी बशी साधणे, हे घरी दहापैकी एकदा दीपस्तंभ उभा करण्याहून सोपे नाही. जो डाव 'येतो' असे म्हणायचे, तो अशा वेळीही यावा लागतो.

केन्दामा हातात न धरलेल्या मुलालाही हा विचार उपयोगी पडण्यासारखा आहे. मल्लखांब असो, पेटीवादन असो किंवा बीजगणित असो, प्रत्येक विद्येला अशी शिडी असते. ती कधी कोणी आधीच मांडून ठेवलेली असते, कधी शिकणाऱ्यालाच मांडावी लागते. मांडताना तीन गोष्टी विचारात घ्याव्यात : या नव्या गोष्टीतले किती मला आधीच येते, त्यात खरोखर नवे काय आहे, आणि जे येते असे मी म्हणतो ते दहातून किती वेळा येते. या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे मिळाली, म्हणजे पुढची पायरी कोणती हे निराळे विचारावे लागत नाही. मग ती पायरी उंच वाटली, तरी चढण्याजोगी वाटते. आणि चुकलेल्या दहाव्या प्रयत्नानंतर अकरावा करण्यास हात पुन्हा उचलला जातो.